माझे हरवलेले नऊ इंच

मी एक जुनी टेप आहे, असं म्हटलं की लोक लगेच विचारतात, कुठली गाणी आहेत तुझ्यात. मित्रांनो, गाणी नाहीत. मी मापं घेणारी टेप. जाड सुती पिवळी फीत, अंगावर काळे इंच आणि लाल फूट, राहायला चामड्याचा गोल डबा आणि डब्याला पितळी मूठ. कडी धरून ओढलं की मी बाहेर येते, मूठ फिरवली की आत जाते. जन्मभर एवढंच केलं. बाहेर, आत. आता दमले.

सांगते ते खरंच सांगते. थोडं ताणेन, कारण ताणल्याशिवाय टेपला काही सांगताच येत नाही. ऐकताना तुम्ही जरा सैल सोडा, म्हणजे माप बरोबर येईल.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. मी शंभर फुटांची व्हायची होते, म्हणून खोलीही शंभर फुटांची होती. या टोकाला शिंक आली तर त्या टोकाचा माणूस जेवून उठल्यावर ‘काळजी घ्या’ म्हणायचा. तिथल्या बायका मला मेजांवर आडवी ताणून माझ्या अंगावर आकडे छापत. त्रेसष्टाव्या फुटाला छापणाऱ्या बाईला कोणीतरी हसवलं, म्हणून माझ्या त्रेसष्टातल्या सहाचं पोट जरा सुटलेलं आहे. बाकी मी निर्दोष होते. शून्यापासून शंभरापर्यंत एक रेघ इकडची तिकडे नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते टिकलं नाही.

मी ज्यांच्याकडे आले ते टपाल कचेरीत पत्रं वाटून लावणारे कारकून होते. पुढे सगळं गाव त्यांना इंचकाका म्हणू लागलं, म्हणून मीही तेच म्हणते. ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. काका म्हणाले, छत्तीस वर्षं घड्याळाकडेच बघत बसलो, आता दुसरं काहीतरी द्या. आणि त्यांनी मला मागून घेतलं. टेप कशाला हवी, हे कोणाला कळलं नाही. एकाने विचारलं, काका, सूट शिवताय की काय. काका हसले आणि मला पिशवीत टाकून घरी निघाले.

कशाला, ते मी सांगते. त्या जुन्या गावात घरांना नंबर उशिरा आले. लोक पत्ते लिहायचे ते असे: धान्यबाजाराच्या कमानीखालचं तिसरं दार. तुटक्या खांबासमोर. चौदा पायऱ्यांच्या वरचं निळं घर. मग कोणी खांब काढला, कोणी पायऱ्या बुजवल्या, आणि पत्रं फिरून फिरून काकांच्या मेजावर परत येऊ लागली. ‘पत्ता सापडत नाही’ असा जांभळा शिक्का मारायचं काम काकांचंच होतं. शेवटच्या वर्षी तो शिक्का त्यांनी इतका मारला की त्याचं रबर झिजून ‘सापडत नाही’मधला ‘नाही’ उमटेना. माणसं जागच्या जागी होती आणि गाव त्यांच्या पायाखालून चाललं होतं. काकांनी ठरवलं, जे उरलंय ते मोजून ठेवायचं. राजे कधी आले, कधी गेले, ते लिहायला पुष्कळ विद्वान आहेत. पण पायरी किती रुंद होती, कमान किती उंच होती, कट्ट्यावर किती माणसं मावत होती, हे लिहायला कोणी नव्हतं. मोजून ठेवलेली वस्तू पडली तरी परत बांधता येते, असं ते काकूंना सांगत. काकू भाजी निवडत ‘हो का’ म्हणत.

आता माझ्या आयुष्यातला वाईट दिवस.

मी घरी येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. काकांची पहिली वही कोरी होती. त्या दुपारी काका झोपले होते आणि काकूंनी घरातली सगळी जाड पांघरुणं धुवायला काढली होती. वाळत घालायची दोरी ऐन वेळी तुटली. समोर मी दिसले, शंभर फूट, नवी, रिकामी. काकूंनी माझी कडी खिडकीच्या गजाला अडकवली, डबा नळाच्या खांबाला बांधला आणि माझ्यावर पाच ओली पांघरुणं टाकली. मित्रांनो, मी पुढे बुरूज मोजले, विहिरी मोजल्या, नगराध्यक्षांचं एक भाषणही मोजलं, ते अडीच मैल भरलं. पण तेवढं वजन पुन्हा कधी पेललं नाही. पाचव्या पांघरुणाला माझं तोंड फाटलं. कडीजवळचा भाग चिंध्या होऊन लोंबू लागला.

काकू मला पदराखाली लपवून कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडे धावल्या. त्याने चिंध्या झालेला तुकडा सरळ कापला आणि कडी परत शिवून दिली, वर चामड्याची छान पट्टीही बसवली. काम सुरेख होतं. फक्त कडी आता शून्यावर नव्हती, नवावर होती. माझे पहिले नऊ इंच त्याच्या दुकानाच्या उंबऱ्याशी पडले आणि कोणाच्या तरी झाडूबरोबर गेले. तो म्हणाला, वहिनी, टेप कुठपर्यंत जाते ते लोक बघतात, कुठून निघाली ते कोण बघतं.

काकूंनी संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळी काकांनी वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात ‘गावाची मापे’ असं लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि ते पान वाळायला ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते. त्या चेहऱ्यापुढे काकूंची जीभ रेटेना. उद्या सांगू, म्हणाल्या. उद्याचा परवा झाला. परवा काका मोजायला निघाले आणि काकू चपला घालून दारात उभ्या. म्हणाल्या, मीही येते, कडी धरायला कोणीतरी लागेलच ना. काका इतके खूश झाले की छत्री घरीच विसरले.

तेव्हापासून बारा वर्षं कडी काकूंच्या हातात आणि डबा काकांच्या हातात. दहा आणि अकरा हे आकडे काकूंच्या अंगठ्याखाली, आणि लाल एक तळहाताखाली. काका दुसऱ्या टोकाला जाऊन आकडा वाचत, मोठ्याने म्हणत आणि वहीत उतरवत. प्रत्येक माप नऊ इंच जास्त. एकही माप काकांनी दुसऱ्यांदा घेतलं नाही. टपाल खात्याची सवय. शिक्का एकदाच मारायचा, पुन्हा मारला तर पहिल्यावर विश्वास नाही असं होतं. लहानसहान वस्तूंना ते लाकडी फूटपट्टी लावत, म्हणून बरं. नाहीतर एखाद्या कुलपाचं भोक दहा इंचांचं लिहिलं गेलं असतं आणि त्याच दिवशी आमचं बिंग फुटलं असतं.

मी रोज खोटं बोलले, मित्रांनो. पण मोजून मापून बोलले. नऊ इंच, ना कमी ना जास्त. माणसांत हे कौशल्य क्वचितच दिसतं.

काय काय मोजलं म्हणून सांगू. धोब्यांचे कठडे, बंद पडलेल्या छापखान्याचं दार, बाजारातली दगडी बाकं, एका भिंतीची सावली. सावली मोजताना ती सारखी सरकत होती, तेव्हा काकूंनी तिच्यावर पाय ठेवला आणि मग ती नीट उभी राहिली. लोक थट्टा करत. काका, आमच्या साहेबांचं नाक तेवढं घ्या वहीत, पडलं तर परत बांधता येईल. काका म्हणत, ते पडणार नाही, सगळीकडे खुपसून खुपसून मजबूत झालंय. बंद दारं मात्र काकूंमुळे उघडली. काकांनी दार वाजवलं की आतून विचारत, काय विकायचंय. काकूंनी वाजवलं की चहा यायचा, आणि चहाबरोबर आजीच्या वेळी इथे जिना होता हेही यायचं. काकू ते घरी येऊन काकांना सांगत, आणि काका समासात लिहीत. सात वह्या भरल्या. शाळांनी बोलावलं. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. काका बुरुजाकडे बघताहेत, काकू कॅमेऱ्याकडे, आणि मधे मी ताठ. नीट बघितलं तर फोटोतही काकूंचा अंगठा जागच्या जागी होता.

मग काकांचे गुडघे संपले. गावात स्टीलच्या टेपा आल्या, खटकन आत जाणाऱ्या, कसलाही दम न घेणाऱ्या. मग तर लाल ठिपका भिंतीवर पाडून माप सांगणारं यंत्र आलं, ज्याला दुसऱ्या टोकाला माणूसच लागत नाही. मला त्याचा राग नाही, कीव येते. मी खणात गेले. खणात निकामी किल्ल्या होत्या, एका पायाचा चष्मा होता, आणि संपलेल्या बॅटऱ्या होत्या, ज्या कोणी टाकतही नाही आणि वापरतही नाही. दोनदा मला काढलं ते रद्दीचा गठ्ठा बांधायला. बुरूज मोजलेल्या टेपेने रद्दी बांधली. असो. मलाही खरंतर पडून राहायचंच होतं. इतकी वर्षं एक गुपित गुंडाळून ठेवायचं म्हणजे फीत आतून कुजते.

एका सकाळी सामानाचा ट्रक धान्यबाजाराच्या कमानीत घुसला. कमानीचा उजवा पाय आणि वरचा अर्धा भाग खाली आला. खालचं दगडी बाकही गेलं. माणसांपैकी कोणाला लागलं नाही. नगर कचेरीतून दोन दिवसांत कागद निघाला की उरलेलाही भाग काढून रस्ता मोकळा करावा. मात्र मूळ कमानीची मापं कोणाकडे असतील, तर ती जशीच्या तशी बांधता येईल, असा नियम होता. सगळ्या गावाने एकच नाव घेतलं. काकांनी तिसरी वही काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कचेरीत गेले. तीन वर्षांत ते पहिल्यांदा जिना न कण्हता उतरले, असं काकू शेजारणीला सांगत होत्या. सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांना पुढचं दिसत होतं, मला खणातूनही दिसत होतं.

कचेरीतल्या इंजिनिअर बाई कामाला चोख. त्या म्हणाल्या, वही वापरण्याआधी तपासून बघू. कमानीचा डावा पाय अजून उभा होता, शेजारचा कट्टा होता, दोन खांब होते. कचेरीतला कारकून गेला आणि स्टीलच्या टेपेने मोजून आला. त्याने वहीतल्या मापांपुढे फुल्या मारल्या. पायाची रुंदी, फुली. कट्ट्याची लांबी, फुली. एकूण अकरा मापं आणि अकरा फुल्या. कारकून बोलका होता. वही घरी बसून लिहिलेली दिसते, असं तो चहाच्या टपरीवर म्हणाला, आणि दुपारपर्यंत ते सगळ्या गावाने ऐकलं. अध्यक्षांनी काकांना बोलावून पाणी दिलं आणि मऊ आवाजात सांगितलं की वय झालं की असं होतं, वाईट वाटून घेऊ नका, परवा बैठक आहे तेव्हा कमान पाडायचा ठराव करू.

काका घरी आले. भांडले नाहीत, कोणाला नावं ठेवली नाहीत. सात वह्या एकावर एक रचल्या आणि रद्दीवाला कधी येतो असं विचारलं. मग खुर्चीत बसून काकूंना म्हणाले,

“माझी बारा वर्षं गेली ती गेली. पण तुझीही मी फुकट घालवली. उन्हातान्हात उभं केलं तुला. ते तेवढं माफ कर.”

मित्रांनो, पाच ओल्या पांघरुणांचं वजन मी तुम्हाला सांगितलं आहे. हे वाक्य त्याहून जड होतं. काकू आत गेल्या, खण उघडला आणि किल्ल्या बाजूला सारून मला बाहेर काढलं. बारा वर्षं ज्या जागी धरत तिथेच धरलं. अंगठा आपोआप जागेवर बसला.

बैठकीच्या दिवशी काका यायला तयार नव्हते. काकू म्हणाल्या, मला जिन्यात हात धरायला कोणी नाही, चला. म्हणून आले आणि मागच्या रांगेत बसले. काकू सरळ पुढे गेल्या आणि मला अध्यक्षांच्या मेजावर ठेवलं. कडी धरून मला हातभर ओढलं. मग अंगठा उचलला.

“ही टेप शून्यापासून सुरू होत नाही,” त्या म्हणाल्या. “नवापासून होते. मी तोडली. पांघरुणं वाळत घालताना. यांना सांगितलं नाही. बारा वर्षं इथे माझा अंगठा होता.”

इंजिनिअर बाईंनी मला जवळ घेतलं. चामड्याची पट्टी उचलून बघितली, दहा बघितला, अकरा बघितला. मग तिसरी वही उघडून पेन्सिल घेतली आणि फुली मारलेल्या पहिल्या मापातून नऊ वजा केले. मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. कारकून शेजारी उभा राहून आपले आकडे वाचत होता, आणि त्याचा आवाज दर आकड्याला एकेक पायरी खाली उतरत होता. अकरा मापं, अकराही जुळली. बाई म्हणाल्या,

“घरी बसून लिहिलेली वही इतकी सारखी चुकत नाही. हे माप प्रत्यक्ष घेतलेलं आहे. प्रत्येक.”

ठराव बदलला. टाळ्याही झाल्या म्हणतात, मी ऐकल्या नाहीत, कारण माझं लक्ष मागच्या रांगेकडे होतं. काका उठून पुढे आले होते. कमान वाचली, वही वाचली, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी होतं. त्यांनी हळूच विचारलं,

“म्हणजे तू मोजायला म्हणून येत नव्हतीस.”

“पहिली दोन वर्षं नाही,” काकू म्हणाल्या. “अंगठ्यासाठी येत होते. मग कधीकधी अंगठा ठेवायचं विसरायला लागले. तुम्ही एकदाही बघितलं नाहीत हो.”

काकांनी मूठ फिरवून मला सावकाश आत घेतलं. कडी अखेरपर्यंत काकूंच्याच हातात होती.

घरी येऊन त्यांनी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, त्या दोन रेघांखाली, एक टीप लिहिली: ‘या सातही वह्यांतील, टेपेने घेतलेले प्रत्येक माप नऊ इंच जास्त आहे. कारण, ओली पांघरुणे.’ मग खाली दोन सह्या झाल्या. एक काकांची, एक काकूंची. बारा वर्षांच्या वह्यांत काकूंचं नाव तेव्हा पहिल्यांदा आलं.

कमान सात महिन्यांत उभी राहिली. गवंड्याने भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, नऊ वजा. येता-जाता बघायचा आणि वजा करायचा. सगळं जसंच्या तसं आलं. फक्त कमानीखालच्या दगडी बाकाचा दगड आणायला तो खाणीवर गेला तेव्हा ती भिंत काही त्याच्यासोबत नव्हती. बाक वहीतल्या मापाचं झालं, जुन्यापेक्षा नऊ इंच जास्त लांब. इंजिनिअर बाई ते कापायला निघाल्या होत्या. काकांनी मला मागवलं, काकूंनी कडी धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांनी एक वस्तू दुसऱ्यांदा मोजली. मग म्हणाले, राहू दे. वहीत लिहितो.

मी आता गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात आहे. शेजारी सात वह्या आहेत, त्यांना वाळवी लागू नये म्हणून इंजिनिअर बाई दर वर्षी स्वतः येऊन पानं उलटून जातात. माझ्यापुढे एक पाटी आहे: ‘मोजणीची टेप, लांबी शंभर फूट’. चुकीचं आहे. मी नव्याण्णव फूट तीन इंच आहे. पण मला काढून मोजायचा कंटाळा कोणालाही येणारच, आणि खरं सांगायचं तर मलाही बाहेर यायचा कंटाळा येतो. त्या पाटीशी भांडायचं त्राण आता नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे, मित्रांनो. कोणी जुनी वही दाखवली आणि तिच्यातलं काही जुळलं नाही, तर फुली मारण्याआधी टेपेचं पहिलं टोक बघा. तिथे कोणाचा अंगठा होता ते विचारा. आणि तुमच्या हातून काही तुटलं, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. बारा वर्षं अंगठा दाबून धरला की तो फार दुखतो, हे मला काकूंनी न सांगताच कळलं आहे.

काका-काकू हल्ली संध्याकाळी कमानीखाली जाऊन बसतात, असं वाचनालयात येणारी माणसं बोलतात. जुन्या बाकावर दोघांनी बसलं की भाजीची पिशवी मांडीवर घ्यावी लागे. आता ती दोघांच्या मधे आरामात मावते. तुम्ही गेलात आणि ते तिथे असले, तर पिशवी सरकवून बसू नका. ती जागा माझी आहे.